प्रकल्पग्रस्त मुंजा

नवी मुंबईत आधी नकाशा आला, मग माणसे आली. (मधे काही गावे होती, पण ती नकाशात अडचणच करत होती.) हे शहर वसवणाऱ्या, 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोची ही शिस्त आता बालपणीच्या आठवणींनाही लागू झाली, हे स्वागतार्हच. खारघर-सीवूड्सच्या संकुलांत 31 ऑक्टोबरला हॅलोविन असतो. प्लास्टिकचे सुळे लावलेली पोरे लिफ्टने मजल्यामजल्यावर चॉकलेटे मागत फिरतात, आईबाप व्हिडिओ काढतात. मोठेपणी हळवे व्हायची सोय आजच झाली. लाल भोपळ्याचा गर कोरून टाकतात आणि आत सेलचा दिवा ठेवतात. त्या गराचे घारगे झाले असते, हा आक्षेप क्षुद्र आहे. घारग्यांचा फोटो भीतिदायक येत नाही.

आपल्याकडे भुते नव्हती का, असेही विचारले जाते. होती की! मुंजा, हडळ, खवीस, वेताळ. पण मुंज्याला पिंपळ लागतो आणि संकुलाच्या आराखड्यात पाम बसतो. शिवाय 2024 साली नरक चतुर्दशीही 31 ऑक्टोबरलाच आली. पहाटे कारीट फोडून असुर मारायचा आणि संध्याकाळी त्याच्याच भाऊबंदांना चॉकलेट द्यायचे, एवढा मोठेपणा दुसऱ्या कुठल्या संस्कृतीत आहे? तरीही स्थानिक भुतांवर अन्याय नको. नव्या शहरासाठी 95 गावांच्या जमिनी गेल्या, तेव्हा पिंपळही गेले. जमीन गेलेल्यांना भूखंड देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेत मुंज्यांचाही हिस्सा धरावा, क्लबहाऊसमागे भूखंड द्यावा. अर्जासोबत मूळ पिंपळाचा सातबारा जोडावा. वारस दाखला मात्र मागू नये. मुंजा अविवाहितच मेलेला असतो.