रडवायला निघालेल्या महाशयांस अनावृत पत्र

श्री. टॉमी वायझो,
लेखक, दिग्दर्शक, निर्माते आणि नायक, 'द रूम',
मुक्काम लॉस एंजेलिस यांस,

सादर प्रणाम. विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे कधीचे राहून गेले आहेत. चित्रपट पडला की दिग्दर्शक निर्मात्याकडे बोट दाखवतो, निर्माता लेखकाकडे आणि लेखक नटाकडे. आपण चारही पदे स्वतःकडे ठेवलीत आणि बोट दाखवायला दुसरे कुणी उरूच दिले नाही. इतका जबाबदार गुन्हेगार आजकाल मिळत नाही.

या चित्रपटावर 60 लाख डॉलर खर्च झाल्याचे सांगतात. पैसा आला कुठून, हे गुपित आपण जपलेत, तो आपला अधिकार. गेला कुठे, हे मात्र पडदा कितीही निरखला तरी कळत नाही. इतर मंडळी कॅमेरे भाड्याने आणतात, आपण ते विकत घेतलेत. फिल्मवर चित्रीकरण करावे की डिजिटलवर, असा पेच पडला तेव्हा दोन्ही कॅमेरे एकाच बैठकीवर शेजारी शेजारी बसवलेत. एकच दृश्य दोन कॅमेरे एकाच वेळी पाहत होते आणि तरीही काही खटकल्याचे कुणी आपल्याला पटवू शकले नाही. या निश्चयाला नमस्कार.

स्टुडिओला लागून खरीखुरी गल्ली होती. आपण आत तशीच दुसरी बांधून घेतलीत. गच्चीचा सेट लॉस एंजेलिसच्या एका वाहनतळावर उभारलात आणि मागे सॅन फ्रान्सिस्को शहर हिरव्या पडद्याच्या करामतीने आणून चिकटवलेत. जे फुकट आणि अस्सल मिळत होते ते नाकारून महाग आणि नकली मिळवण्याची ही जिद्द आम्ही अन्यत्र पाहिलेली नाही.

कथेबद्दल तर किती आभार मानावेत! नायिका लिसाची आई गप्पांच्या ओघात सांगते की तिला स्तनाचा कर्करोग झाला आहे. लेक दोन शब्दांत समजूत काढते आणि त्यानंतर शेवटपर्यंत त्या आजाराचे नावही निघत नाही. आमच्या मराठी मालिकांत सासूला नुसती भोवळ आली तरी आठवडाभर घर हलते. एवढे मोठे दुखणे एका वाक्यात आणून त्याच दृश्यात विसरून जाण्याचे धाडस आपणच करू जाणे.

पीटर या मानसशास्त्रज्ञाची भूमिका करणारा नट चित्रीकरण संपण्याआधीच निघून गेला. मग शेवटच्या मेजवानीत त्याच्या वाटची वाक्ये एक अनोळखी गृहस्थ मोठ्या हक्काने बोलू लागतात. ते कोण, कुठले, कुणाचे मित्र, याचा खुलासा होत नाही. प्रेक्षकांवर इतका विश्वास टाकल्याबद्दल ऋणी आहोत. टक्सिडो घालून, एकमेकांपासून चार पावलांवर उभे राहून चेंडू झेलणारे ते मित्रही आम्ही विसरणार नाही. त्यांनी तसे का केले, हे विचारायचे आम्ही सोडून दिले आहे.

एका बाबतीत मात्र आभार घशात अडकतात. एका बाईला मारहाण होऊन ती इस्पितळात पोहोचल्याची हकीकत मित्र मार्क सांगतो आणि आपला सज्जन नायक जॉनी हसतो. जॉनी म्हणजे सद्गुणांचा पुतळा. त्याला कंटाळलेल्या लिसाला आपण खलनायिका केलेत, पण तिला कंटाळा का आला, हे सांगायला एक दृश्यही खर्ची घातले नाहीत. खेळाला आलेले लोक आज तिला पडद्याकडे बघून नावे ठेवतात. लिसा झालेली ज्युलिएट डॅनिएल ही नवखी अभिनेत्री मिळालेले काम प्रामाणिकपणे करत होती. आपल्या चुकांचे हसू तिच्या वाट्याला का यावे, याचे उत्तर आपण द्यावे आणि थोडे आम्हा हसणाऱ्यांनीही द्यावे.

27 जून 2003 रोजी चित्रपट लागला. ऑस्करच्या शर्यतीला पात्र ठरावा म्हणून आपण तो पदरमोड करून दोन आठवडे टिकवलात. गल्ला जमला सुमारे 1,800 डॉलर. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. आपण हायलँड अ‍ॅव्हेन्यूवरचा आपल्या चेहऱ्याचा अवाढव्य फलक वर्षानुवर्षे हटवला नाहीत. त्यावर दूरध्वनी क्रमांकही दिला होतात. हळूहळू मध्यरात्रीच्या खेळांना गर्दी होऊ लागली. जॉनीच्या घरातल्या तसबिरीत चमच्याचे चित्र दिसले की लोक प्लास्टिकचे चमचे उधळू लागले. हा मान दुसऱ्या कुठल्या शोकांतिकेला मिळालेला नाही.

आता मुद्द्याचे. वाईट चित्रपट दर शुक्रवारी येतात आणि पुढच्या शुक्रवारी कुणाला आठवत नाहीत. करणाऱ्यालाच त्यांचा कंटाळा आलेला असतो आणि तो पडद्यावरून थेट आपल्या अंगावर येतो. आपल्या चित्रपटात हरेक दोष आहे, पण कंटाळा नाही. आपले पूर्वसुरी एड वुड यांचेही तेच. बेला लुगोसी वारल्यावर त्यांनी 'प्लॅन 9 फ्रॉम आउटर स्पेस'मध्ये लुगोसीच्या जागी बायकोच्या ओळखीतला हाडवैद्य उभा केला आणि त्याचे तोंड झग्याने झाकले. काम अडले, पण स्वप्न सोडले नाही.

आमच्याकडे 1998 साली कांती शाह यांनी 'गुंडा' काढला. त्यातले खलनायक यमकात बोलतात. मुकेश ऋषी, मोहन जोशी, हरीश पटेल यांच्यासारखे कसलेले नट ती यमके अशा गांभीर्याने म्हणतात की जणू राज्याभिषेकाचा प्रसंग चालू आहे. कुणी डोळा मिचकावत नाही. त्या चित्रपटात बायकांवरचे अत्याचार ज्या बेफिकिरीने येतात ती माफ करण्यासारखी नाही. तरी पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो तो त्या न मिचकावलेल्या डोळ्यांमुळे. समोरचा माणूस मनापासून काहीतरी करतो आहे, त्याच्या हातून ते साधत नाही, आणि तरी तो थांबत नाही. आपल्यापैकी कितीजण असे उघड्यावर पडायला तयार असतात? हसता हसता आपण त्या माणसाच्या बाजूने कधी होतो, हे कळतही नाही.

म्हणूनच पुढची तक्रार फार दुःखाने करतो आहे. प्रेक्षक हसायला लागल्यावर आपण सांगू लागलात की 'द रूम' ही पहिल्यापासून काळी विनोदिका होती. महाशय, कृपा करून असे म्हणू नका. जाहिरातीत आपण टेनेसी विल्यम्सचे नाव घेतले होते. जेम्स डीनने 'रेबेल विदाउट अ कॉज'मध्ये फोडलेला टाहो आपण जॉनीच्या तोंडी घातलात. शेवटी जॉनी मरतो, ते सगळ्यांनी त्याच्यासाठी हळहळावे म्हणून. आपल्याला आम्हाला रडवायचे होते. ते जमले नाही, यात लाज नाही. पण हसवायचेच होते असे म्हणताच आपला सारा पराक्रम एका थापेत बुडतो.

हसवायला बसलेल्यांचे दुकान वेगळे आहे. 2013 साली 'शार्कनेडो' आला. त्यात वादळातून शार्क पडतात आणि प्रत्येक शार्क पडताना बजावतो की बघा, आम्ही मुद्दाम वाईट केले आहे. त्याचे पुढे आणखी पाच भाग निघाले. ते पाहताना हसू येते, पण कुणाचीही बाजू घ्यावीशी वाटत नाही, कारण तिथे कुणी काही पणाला लावलेलेच नाही. आणि 2023 साली आपण स्वतः 'बिग शार्क' घेऊन आलात! साऱ्या समुद्रातून आपल्याला नेमका तोच मासा सापडावा?

जानेवारी 2018 मधली ती रात्र आठवा. आपल्यावरच्या चित्रपटात आपली भूमिका वठवल्याबद्दल जेम्स फ्रँको यांना गोल्डन ग्लोब मिळाला. आपण मंचावर गेलात, ध्वनिक्षेपकाकडे झेपावलात आणि त्यांनी हाताने आपल्याला मागे सारले. सभागृह हसले. आम्हाला हसू आले नाही. ज्याने अपयश सोसले तो मागे आणि ज्याने त्याची नक्कल केली तो पुढे, हा न्याय आम्हाला मान्य नाही.

तरी हात जोडून एवढीच विनंती. पुढचा चित्रपट काढाल तेव्हा आम्हाला काय आवडते, हे कुणालाही विचारू नका. शार्क नको, काळा विनोद नको, चमचे तर मुळीच नकोत. पुन्हा एकदा पदरचे सगळे पैसे घाला, पुन्हा एक शोकांतिका लिहा आणि आम्हाला रडवायचा अगदी मनापासून प्रयत्न करा. त्याचे काय होईल, ते आम्ही बघून घेऊ.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला ऋणाईत,
एक प्रेक्षक