नॅरोगेज संगणक

क्रोमबुक नावाच्या हलक्या लॅपटॉपवर छायाचित्रांची कापाकापी, लग्नाच्या चित्रणाचे संपादन किंवा मोठ्या फ्लेक्सची मांडणी यांसारखी अवजड कामे होतात की नाही, हा प्रश्न खान्देशातील पाचोऱ्यात उपस्थित झाल्यास त्याचे उत्तर संगणकशास्त्रापेक्षा रेल्वेच्या इतिहासात लवकर सापडते. कारण हलके वाहन आणि जड ओझे यांचा संसार या गावाने आपल्या जंक्शनावर पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. पाचोरा ते जामनेर ही ५६ किलोमीटरची गाडी अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावत असे, आणि ‘धावत’ हे क्रियापद येथे केवळ व्याकरणाच्या सोयीसाठी वापरले आहे. तिला सर्व जण ‘पीजे’ म्हणत. उर्वरित महाराष्ट्रात पीजे म्हणजे पांचट विनोद. दोहोंत साम्य इतकेच की, ते येत असल्याचे बरेच आधी कळे आणि तरीही टाळता येत नसे.

पीजेची खरी गोम तिच्या वेगात नव्हती, ती पाचोऱ्याच्या फलाटावर होती. शेंदुर्णी-पहूरकडून आलेल्या मालाला पुढे मुंबईस किंवा भुसावळास जायचे असेल, तर तो अरुंद डब्यातून उतरवून ब्रॉडगेजच्या रुंद डब्यात भरावा लागे, कारण दोन रुळांमधील अंतर बदलले की डबा पुढे जात नाही, ओझे तेवढे जाते, आणि तेही हमालाच्या डोक्यावरून. हलका मार्ग स्वस्तात बांधता येतो, पण त्याने वाचवलेला खर्च जंक्शनावर हमालीच्या रूपाने वसूल होतो, हा जो सिद्धान्त यातून निघतो तो क्रोमबुकला तंतोतंत लागू पडतो.

२०११ साली बाजारात आलेल्या या यंत्राची मूळ कल्पना अशी की, मनुष्य संगणकावर जे काही करतो ते बहुतांशी ब्राउझरमध्येच करतो, म्हणजे संकेतस्थळे उघडून दाखवणाऱ्या खिडकीत. तेव्हा घराच्या बाकीच्या भिंती काढून टाकून नुसती खिडकीच का विकू नये? त्यामुळे यंत्र हलके झाले, स्वस्त झाले, चटकन सुरू होऊ लागले आणि बॅटरीही दिवसभर पुरू लागली. स्वस्त नमुन्यांत मात्र बहुधा चार जीबी रॅम आणि ३२ किंवा ६४ जीबी साठवण एवढाच संसार असतो. रॅम म्हणजे काय, हे खान्देशात समजावणे सोपे आहे. ज्या लाकडी बडगीत भरीत कुटतात ती रॅम आणि वांगी ज्या कोठीत पडलेली असतात ती साठवण. कोठीत पोतेभर वांगी असली तरी एका वेळी बडगीत मावतील तेवढीच कुटली जातात, आणि पाचशे पानांच्या पंगतीला हातभर बडगी घेऊन बसणाऱ्याचे धाडस कौतुकास्पद असले तरी पंगत उपाशी उठते.

आता पंगतीचा आकार मोजू. वाढदिवसाच्या फ्लेक्सचा दहा बाय वीस फुटांचा आकार गृहीत धरला आणि इंचाला अवघे ७२ ठिपके दिले, तरी आडवे १७,२८० आणि उभे ८,६४० मिळून १४ कोटी ९२ लाख ९९ हजार २०० ठिपके भरतात. छपाईच्या चार शायांसाठी प्रत्येक ठिपक्याला चार बाइट लागतात, म्हणजे एकूण सुमारे ६० कोटी बाइट, आणि हा हिशेब एकाच थराचा आहे. थर म्हणजे चित्रातील एकमेकांवर ठेवलेले पारदर्शक पापुद्रे: तळाशी भगवा किंवा निळा उजेड, त्यावर वाघ किंवा सिंह, त्यावर हात जोडलेले भाऊ, आणि खाली शुभेच्छुक. असे पूर्ण आकाराचे सात थर झाले की चार जीबीची बडगी काठोकाठ भरते, आणि ब्राउझर स्वतः कोठे बसणार हा प्रश्न उरतोच.

शुभेच्छुक हे या विषयातील सर्वांत दुर्लक्षित परिमाण आहे. संगणकाची क्षमता ठरवताना परदेशी परीक्षक प्रक्रियायंत्राचा वेग पाहतात, परंतु तळाला किती चेहरे येणार हे कोणी विचारत नाही. फ्लेक्सच्या दुकानात मांडणी पूर्ण होत आली की दारात कोणीतरी उभा राहतो आणि पडद्याकडे पाहून शांतपणे म्हणतो, “भो, मना फोटो धाकला दिखी ऱ्हायना.” त्याचा फोटो मोठा केला की शेजाऱ्याचा धाकला दिसू लागतो, तो दुरुस्त केला की तिसऱ्याची मान कापली जाते, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला तो फोटो मुळात अंगठ्याएवढ्याच ऐवजाचा असल्यामुळे मोठा केल्यावर चेहऱ्याऐवजी चौकटींची लादी दिसते. या सर्व काळात फाइलचे नाव ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन दोन’ असे वाढत जाते. जड यंत्र हे सारे सहन करते. हलके यंत्र मध्येच पांढरे पडते व पान पुन्हा उघडण्याची विनंती करते.

न्यायाने पाहता खिडकीनेही प्रगती केली आहे. फोटोशॉपची ब्राउझरमधील आवृत्ती सप्टेंबर २०२३ मध्ये सर्व वर्गणीदारांसाठी खुली झाली; त्यानंतरच्या महिन्यात आठ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवण ही किमान अट घालून क्रोमबुक प्लस हा वर्ग जाहीर झाला; आणि ज्याला थोडी खटपट जमते तो लिनक्सच्या आधाराने त्यावर इंकस्केप किंवा ब्लेंडरही चालवू शकतो. आमंत्रणपत्रिका, दुकानाची पाटी, यूट्यूबवरील अहिराणी गाण्याचे छोटे मुखचित्र एवढी कामे त्यावर निर्वेध होतात. अडते ते मराठीपाशी, हा भाग जरा खेदाचा आहे. दुकानांतील मांडणी कोरलड्रॉमध्ये होते, अक्षरे श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या वळणाची असतात, आणि त्या फॉन्टांत पडद्यावर दिसणाऱ्या ‘क’च्या पोटात प्रत्यक्षात एखादे रोमन अक्षर दडलेले असते. फोनवरून युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना समजणाऱ्या सामाईक संकेतात, आलेला मजकूर येथे आणताना संकेत बदलावा लागतो. हीसुद्धा गेजबदलाची हमालीच होय, आणि तीत एखादा रफार वाटेत सांडला तर ‘हार्दिक’ शुभेच्छांचा हार गळून पडतो.

लग्नाच्या चित्रणाचा हिशेब आणखी कठोर आहे. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने टिपलेले ४के चित्रण ताशी ४५ जीबी जागा घेते, म्हणजे हळदीपासून पाठवणीपर्यंत साडेचार तास टिपले तरी २०० जीबींच्या वर जाते. ६४ जीबींच्या यंत्रात नवरदेव पारावरूनही उतरणार नाही. हे सर्व क्लाउडवर, म्हणजे दूरच्या कोणाच्या तरी गोदामात, ठेवून तेथेच संपादन करावे असे सुचवले जाते, पण चढवण्याचा वेग सेकंदाला १० मेगाबिट धरल्यास नुसते चढवायलाच ४५ तास लागतात, आणि त्यात वीज जाणे धरलेले नाही. याउलट हेच चित्रण हार्डडिस्कवर भरून, ती पिशवीत घालून कोणी पीजेत बसला असता आणि गाडीने सव्वादोन तास घेतले असते, तर तो ऐवज सेकंदाला सुमारे २०० मेगाबिट वेगाने जामनेरास पोहोचला असता. देशातील संथ गाड्यांत गणली गेलेली ही गाडी अशा प्रकारे ब्रॉडबँडच्या वीसपट वेगवान ठरते. दुर्दैवाने २०२० मध्ये ती थांबली आणि आता तो मार्ग रुंद करून बोदवडपर्यंत नेण्याची योजना आहे. यावरून रेल्वेलाही शेवटी रॅम वाढवावीच लागली, असे म्हणता येईल.

दूरच्या गोदामाबाबत या परिसराचा अनुभव जुना आहे. पहूरपासून जवळच असलेल्या अजिंठ्यात ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती केल्या, त्या लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मग जॉन ग्रिफिथ्स यांनी जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हा प्रती केल्या, त्याही लंडनलाच गेल्या आणि त्यांतल्या अनेक १८८५ च्या आगीत गेल्या. मूळ फाइल मात्र डोंगरात होती.

शेजारच्या चाळीसगावी छायाचित्रकार केकी मूस यांनी टेबलावर घरगुती वस्तू मांडून अख्खी दृश्ये उभी केली व टिपली, तेव्हा कलावंताला साधन गौण असते, असा आक्षेप येथे कोणी घेईल. आक्षेप मान्य आहे. मात्र मूस यांच्या टेबलावरील एकाही वस्तूने आपला फोटो धाकला दिसतो अशी तक्रार केल्याची नोंद नाही. म्हणून फ्लेक्सच्या दुकानात क्रोमबुक आले तरी ते काउंटरवरच बसते: त्यावर मजकूर उतरवला जातो, नमुना दाखवला जातो, पैसे आल्याची खातरजमा होते, आणि मग पेनड्राइव्ह आतल्या खोलीत जातो, जेथे जुना जोडणीचा संगणक झाकण उघडे टाकून, समोर टेबलफॅन लावून, कूँ कूँ करीत ब्रॉडगेजचे काम ओढत असतो. तेवढ्यात काउंटरवर फोन वाजतो. तळाच्या ओळीत एक शुभेच्छुक राहून गेलेला असतो.