एकच दार, तेही बंद ठेवा

ज्या पालकांना पाल्याची सर्जनशीलता यंदाच फुलवायची आहे, त्यांनी उज्जैनला महाकालाचे दर्शन आटोपून थोडा वेळ रामघाटावर बसावे. या कामात क्षिप्रेइतका अनुभवी काठ दुसरा नाही. सांदीपनींचा आश्रम याच गावात. तिथे श्रीकृष्णाने चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला पदरात पाडून घेतल्या. रोज एक, सणवार धरून. गुरुदक्षिणा म्हणून गुरूंनी आपला मेलेला मुलगा परत मागितला. हल्लीच्या फीबद्दल कुरकुरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता सगळीच मुले काही अवतारी नसतात. त्यांची सोय बाणभट्टाने सातव्या शतकात करून ठेवली. ‘कादंबरी’तला उज्जयिनीचा राजा तारापीड आपल्या मुलासाठी, चंद्रापीडासाठी, नगराबाहेर, क्षिप्रेच्याच कडेने विद्यामंदिर उभारतो. भोवती तट, तटाला खंदक, ये-जा करायला एकच दार. पोरगा सहाव्या वर्षी आत गेला तो सोळाव्या वर्षी बाहेर आला, सर्व कलांत पारंगत होऊन. पिंजऱ्यातल्या छाव्याची उपमाही बाणाचीच. कोट्याच्या वसतिगृहांनी त्याच्या नावाने निदान एक खोली तरी ठेवायला हवी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ‘कादंबरी’तल्या चौसष्ट कलांचा गौरवाने उल्लेख आहे. खंदक तेवढा लिहायचा राहिला. तो अंमलबजावणीत खणला जाईल.

खुद्द बाण मात्र तरुणपणी गारुडी, जुगारी, नर्तक, मृदंग्ये, जादूगार असला गोतावळा जमवून गावोगाव हुंदडत होता. ‘हर्षचरिता’त त्याने स्वतःच ती यादी दिली आहे. असल्या संगतीबद्दल आज शाळेने पालकांना बोलावून घेतले असते.

रामघाटावर एक चिरंजीव ओल्या बोटाने पायरीवर हत्ती काढत होते. हत्तीला आठ पाय. “अरे, पळतोय तो!” असा खुलासाही त्यांनी केला. आईने वेळीच दंडाला धरून उठवले. “यंदा एलिमेंटरीची परीक्षा आहे ना तुझी? तिथे चालणारेत का आठ पाय?” प्रश्न बिनतोड होता. हत्ती तिथेच वाळला.

परीक्षेची नजर किती तयार असते, हेही उज्जैननेच दाखवले आहे. गजानन माधव मुक्तिबोध, मराठी घरातला मुलगा, वडील पोलीस खात्यात. १९३० मध्ये तो इथे मिडलला नापास झाला. पुढे त्याने हिंदी कवितेचा रोखच बदलला. धाकटे शरच्चंद्र मराठीत नावाजले. गजाननरावांनी मोठेपणी ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे पाठ्यपुस्तक लिहिले, तर १९६२ मध्ये मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. लहानपणी मुलगा अभ्यासक्रमात बसेना, मोठेपणी त्याचे पुस्तक. कवितांचा पहिला संग्रह आला १९६४ मध्ये, ते गेले त्याच वर्षी.

आता ते एम.ए.ला आहेत. त्यांच्या बंडखोरीवर हमखास प्रश्न येतो आणि त्याचे तयार उत्तर गाइडमध्ये मिळते. त्यात स्वतःचे काही घालू नका, असे सर प्रेमाने बजावतात.