सभेपुढील विषय क्र. ७ : डबी

आपल्याकडे यंत्राची पत वजनावर ठरते. सोसायटीच्या ऑफिसात २००९ पासून ठाण मांडून बसलेला सीपीयू हलवायला वॉचमनला बोलवावं लागतं, म्हणून तो भारी. त्याच्या जागी सचिवांनी सुचवलेला मिनी पीसी तळहातावर मावतो, म्हणून त्यावर सर्वसाधारण सभेत सव्वा तास खल. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे बारा लाख त्याआधी चहा येईपर्यंत मंजूर झाले होते.

‘जुना उत्तम चालतोय की!’ तळमजल्यावरचे काका म्हणाले. चालतो, हे खरंच. बटण दाबून मॅनेजर पाण्याचा पंप लावायला जातो. तो परत येईस्तोवर पडद्यावर हिरवी टेकडी उगवलेली असते. विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला थांबली, पण तसं लेखी पत्र न आल्याने कमिटीने त्याची दखल घेतलेली नाही. २०१६ मध्ये क्रोमनेही हात टेकले. हल्ली वीजबिलाची साइट त्यावर उघडत नाही. मॅनेजर ते स्वतःच्या मोबाइलवरून भरतो आणि वहीत ‘कॉम्प्युटरद्वारे’ असं लिहितो.

सचिवांनी माहिती वाचून दाखवली: इंटेलची एन१०० चिप, चार कोअर, सहा वॅट. इथे घात झाला. ‘जुना साडेचारशे वॅटचा आहे. सहा वॅटचा घेऊन काय करायचं?’ टाळ्या पडल्या. एसएमपीएसवरचा ४५० हा आकडा त्याच्या कमाल क्षमतेचा, रोजच्या खर्चाचा नव्हे; आणि अख्खी डबी नोटिसा टाइप करताना फार तर दहा-पंधरा वॅट खाईल, हे टाळ्यांच्या गजरात कोण ऐकणार? एवढ्या स्वस्त डबीतल्या विंडोजचं लायसन्स अस्सल आहे का, हा विचारण्याजोगा एकमेव प्रश्न मात्र कुणालाच सुचला नाही.

अखेर अटींसह मंजुरी मिळाली. जुना मॉनिटर चालतोय, तो टाकायचा नाही. म्हणून एचडीएमआयचं व्हीजीए करणारा कन्व्हर्टर. कीबोर्ड गोल पिनेचा, त्यालाही कन्व्हर्टर. पावत्या डॉट मॅट्रिक्सवरच निघाल्या पाहिजेत, कारण कार्बन कॉपी लागते, तिसरा कन्व्हर्टर. २०१२ च्या गणेशोत्सवाची डीव्हीडी (कोणीही पाहत नसलेली) लावता यावी म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह. या सगळ्याला यूएसबीची भोकं पुरेनात, म्हणून हब. जागा वाचवायला आणलेल्या डबीने टेबल भरलं आणि मॅनेजर वही मांडीवर घेऊन लिहू लागला. शिवाय एवढीशी वस्तू कुणी खिशात घालून नेली तर? म्हणून ती रोज रात्री गोदरेजच्या कपाटात कुलूपबंद होते. किल्ली खजिनदारांकडे. खजिनदार सध्या चिपळूणला.

जुन्या नोटिसा नव्या मशीनवर उघडल्या, तर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला तो मजकूर भलत्याच अक्षरांत उमटला. मॅनेजरने त्यातलीच एक चुकून छापून लिफ्टपाशी लावली. चार दिवस झाले, एकाही सभासदाची तक्रार नाही.

राहता राहिला जुना सीपीयू. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे तो नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवा. पण आधी डेड स्टॉक रजिस्टरातून त्याचं नाव कमी करावं लागेल, त्यासाठी किंमत काढावी लागेल. चिपळूणला जाण्यापूर्वी खजिनदारांनी आयकराच्या दराने घसारा लावून ठेवला होता: मूळ किंमत ३२,००० रुपये, २०१६-१७ पर्यंत दरसाल ६० टक्के, पुढे ४० टक्के. मार्च २०२६ अखेर शिल्लक, एकवीस पैसे. भंगारवाला दोनशे रुपये देतो म्हणाला, त्यामुळे हा नफा कुठल्या खात्यात दाखवायचा, असा नवाच पेच पडला. मग कमिटीने सरळ सभासदांनाच आवाहन करायचं ठरवलं. ते असं:

इच्छुकांनी पुस्तकी किंमत रोख भरून सीपीयू घेऊन जावा. पंचवीस पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद आहेत, तरी सुट्टे पैसे आणण्याची जबाबदारी सभासदाची राहील. हार्ड डिस्क काढून घेतली जाईल. तिच्यात थकबाकीदारांची यादी आहे.