दोन्ही घरचा पाहुणा

आमच्या घरी दुधाचे खाडे दोन ठिकाणी मांडले जातात. बायको कॅलेंडरवर मांडते, मी डायरीत. महिनाअखेरीला दोन्हींचा मेळ बसत नाही आणि दूधवाला न विचारताच वहिनींचं खरं धरतो. यावरून एखादा शहाणा माणूस काही शिकला असता. मी तोच प्रयोग ऑफिसात केला.

आमचा सगळा कोड सबव्हर्जनमध्ये. त्याची १.० आवृत्ती आली २००४ साली, त्यामुळे कारभार जुन्या वळणाचा: एक सर्व्हर, आणि कमिटला बँकेतल्या टोकनसारखा ओळीने नंबर. पण नवी मुलं उठता-बसता ‘गिट, गिट’ करायची. हे गिट लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिहिलं. ब्रिटिश बोलीत ‘गिट’ म्हणजे बिनडोक माणूस, आणि मी माझ्या प्रकल्पांना स्वतःचंच नाव देतो, असं तो गमतीने म्हणाला होता. मला वाटलं, हा माणूस तर आपल्यातलाच.

दोघांना जोडायला ‘गिट-एसव्हीएन’ नावाचा रीतसर मध्यस्थ आहे. पण तो सुरुवातीला जुने कमिट एकेक करून आणतो. संध्याकाळी लावून गेलो, सकाळी पाहतो तर स्वारी अजून मागच्या दशकातच. मला कुठला धीर! त्याला हाकलला आणि एकाच फोल्डरमध्ये दोघांचा संसार थाटून दिला.

मग एका मंगळवारी मी सकाळी सबव्हर्जनचं अपडेट मारून सगळ्यांचं ताजं काम घेतलं, ते गिटच्या मास्टरवर नीट कमिट केलं, तीन आठवड्यांपूर्वी काढलेल्या माझ्या प्रयोगाच्या ब्रँचवर गेलो, गिटने इमानदारीत फायली तीन आठवडे जुन्या करून दिल्या, तिथे एका बटणाचा रंग बदलला, मग जेवायला गेलो, वर ताक झालं, आणि डुलत परत येऊन, आपण कुठल्या ब्रँचवर आहोत हे साफ विसरून, सबव्हर्जनला कमिट मारलं. सबव्हर्जनला गिटच्या ब्रँचचं काय सोयरसुतक? त्याच्या हिशेबी फोल्डर सकाळीच ताजं झालेलं. तेव्हा फायली जुन्या दिसतायत म्हणजे साहेबांनीच विचार करून सगळं बदललं असणार. ना कॉन्फ्लिक्ट, ना इशारा. आठ जणांनी तीन आठवडे खपून केलेले बदल एका फटक्यात उलटे फिरले. त्यावर मी टीप लिहिली होती, ‘किरकोळ दुरुस्ती’.

पुढच्या दहा मिनिटांत लोक खुर्च्या फिरवून माझ्याकडे बघायला लागले. मीही मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

शेवटी टीममधली सगळ्यात धाकटी मुलगी आली. तिने तो एक कमिट उलटा मर्ज केला, कारण सबव्हर्जनही काही विसरत नाही. जाताना हळूच म्हणाली, “सर, कमिटच्या आधी एकदा डिफ बघत जा ना.” माझ्या हाताखाली ती सहा महिने शिकत होती म्हणे.

आता मी त्या मध्यस्थाला मानाने परत बोलावलंय. सबव्हर्जनची वेगळी कॉपीच ठेवलेली नाही. नवं काम ‘रिबेस’ने आणायचं, आपलं ‘डीकमिट’ने पाठवायचं, दोन्हीकडचे निरोप त्यानेच न्यायचे. दोन वह्या ठेवायला हरकत नाही, पण दोन्हींत लिहिणारा हात एकच हवा, आणि तो शक्यतो माझा नसावा.

या महिन्यात खाडे बायकोच्या हिशेबाने चार, माझ्या हिशेबाने सहा. दूधवाल्याने चारच कापले. आणि उलट्या मर्जमध्ये माझीही दुरुस्ती गेली, त्यामुळे ते बटण अजून जुन्याच रंगाचं आहे.