अंगठ्याचं वळण

माणसांचे पाय निरखायचे असतील तर नांदेडसारखं गाव नाही. सचखंड गुरुद्वाऱ्यात जोडाघराच्या खिडकीत हजारांचे बूट आणि शंभराची स्लीपर शेजारी शेजारी जमा होतात, आणि खरे पाय उघडे पडतात. महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात बांधून घेतलेली वास्तू लोक मान वर करून बघतात. मी मेली खाली बघते. पंजाबातून आलेल्या आजीबाई, हैदराबादचं एखादं कुटुंब, आमच्याच वजिराबादेतले व्यापारी. या सगळ्यांत अधूनमधून आपल्या जातकुळीचा अंगठा भेटतोच. शेजारच्या बोटाच्या अंगावर रेललेला, मुळाशी टेंगूळ आलेला.

आपल्याकडे ‘अंगठ्याचं हाड वाढलंय’ म्हणतात. प्रत्यक्षात वाढत काही नाही. पावलातलं लांब हाड एका बाजूला सरकतं, अंगठा दुसऱ्या बाजूला कलतो आणि मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो. हा कोन 15 अंशांच्या पुढे गेला की डॉक्टर त्याला हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. माझ्या एक्स-रेवर डॉक्टर पट्टी ठेवून रेघा मारायला लागले, तेव्हा दहावीचा भूमितीचा पेपर आठवून मला उगीच घाम फुटला.

दोष पहिल्यांदा चपला-बुटांवर जातो, आणि त्यात तथ्य आहेच. इंग्लंडात केंब्रिजला जुन्या कबरींतली हाडं तपासून 2021 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अकराव्या ते तेराव्या शतकातल्या सांगाड्यांत 6 टक्क्यांचे अंगठे वाकडे. पुढच्या दोन शतकांत, टोकदार बुटांची फॅशन आल्यावर, 27 टक्क्यांचे. चिनी लोकांची पावलं तपासणारा 1958 चा अभ्यासही असाच बोलतो. बूट घालणाऱ्यांत 33 टक्के, अनवाणी राहणाऱ्यांत जेमतेम 2. आमची माय त्या 2 टक्क्यांतली. जन्मभर काळ्या रानात अनवाणी कापूस वेचला, टोकदार बूट फक्त तहसीलदाराच्या पायात पाहिला, तरी तिचा अंगठा ऐन पस्तिशीत वळला होता. बूट ढकलतो हे खरं, पण पावलाची घडण घरातूनच येते.

घरातून जमीनही येते. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका हिस्सा दिला. त्यामुळे आमच्या भावाला हक्कसोडपत्र करून घ्यावं लागलं, आणि लातूरची अक्का आणि मी साडीचोळी घेऊन त्यावर सह्या केल्या. मायच्या अंगठ्याचं हक्कसोड मात्र कुणी मागितलं नाही. त्याचा फेरफार आम्हा दोघींच्या नावानं आपोआप झाला, तलाठ्याकडे एक चक्कर न मारता.

आता उपायांकडे. पहिला रात्रीचा पट्टा. प्लास्टिकची कडक पट्टी पावलाच्या आतल्या कडेला बसते आणि वेल्क्रोनं अंगठ्याला शेजाऱ्यापासून ओढून धरते. मध्यरात्री बाथरूमला जायचं तर आधी तो सोडायचा. त्या चर्रर आवाजानं हे दचकून उठतात आणि ‘काय फाटलं?’ म्हणून विचारतात. वेल्क्रोला वाकळेचे दोरे इतके चिकटतात की सकाळी पायाबरोबर वाकळही पलंगावरून उतरते.

दिवसा दोन बोटांमध्ये ठेवायचा सिलिकॉनचा मऊ तुकडा मिळतो. माझं त्याच्याशी जमलं. अक्काचं अडलं ते जोडव्यावर. अंगठा रेलतो ते नेमकं जोडव्याच्या बोटावर, आणि तिथं घासून घट्टा पडलेला. डॉक्टर म्हणाले, ‘ताई, जोडवी काढून ठेवा.’ अक्का म्हणाली, ‘हे इथं समोर बसलेले असताना?’ दाजींनी उदारपणे ‘काढ की, मी कुठं चाललोय?’ म्हणून परवानगी दिली; ती तिनं मनावर घेतली नाही. शेवटी डाव्या पायात तुकडा आणि उजव्या पायात जोडवं अशी तोड निघाली. दुखतो तो डावाच, असं तिनं त्यानंतर ठरवून टाकलं.

रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आमचा व्यायाम चालतो. दोन्ही अंगठ्यांत रबराचा पट्टा अडकवायचा, टाचा टेकवून ठेवायच्या आणि पावलं हळूहळू बाहेर उघडायची. पडद्यावर तोंडं दिसतच नाहीत, नुसते पाय. ‘अगं, किती ओढायलीस, तुटंल की,’ असं लातूरचा पाय नांदेडच्या पायाला सांगतो. सुना हसतात. हसू देत.

या सगळ्यानं अंगठा सरळ होतो का? नाही. मोठ्या माणसाचा अंगठा पट्ट्यानं कायमचा वळणावर येत नाही. पट्टा काढला की तो निवांत आपल्या जागी जाऊन रेलतो. सरळ करायचाच तर ऑपरेशन, म्हणजे हाड कापून बसवणं आणि मग कित्येक आठवडे पाय जपणं. पट्टा देतो ती नुसती सवलत. ठणका कमी होतो, घासणं थांबतं, गंगाखेड रोडच्या लग्नात पंगतीत वाढायला उभं राहता येतं. साठीला टेकलेल्या बाईला एवढी सवलत पुष्कळ झाली.

परवा भावाची मुलगी नीटच्या क्लाससाठी लातूरला अक्काकडे राहायला आली. अक्कानं बॅग उतरवून घ्यायच्या आधी तिचे पाय पाहिले आणि तिला तशीच गंजगोलाईच्या बाजारात नेली. दुकानदारानं मुलींचे चार नाजूक जोड मांडले. अक्कानं चारही बाजूला सारून वरच्या फळीवरचा पुढून ऐसपैस असलेला एक जोड मागितला.

‘मावशी, ते जेन्ट्सचे आहेत.’

‘असू दे. तिच्या अंगठ्याला वाचता येत नाही,’ अक्का म्हणाली, आणि पैसे भावाच्या नावावर लिहून ठेवायला सांगितले.