पुढे लागेल

आमचा बापूदादा हॉरर गेम रात्री दिवा मालवून खेळतो. बघणाऱ्याला वाटतं, काय छाती आहे माणसाची! घरच्यांना ठाऊक असतं, की दिवा विजेच्या बिलापायी मालवलाय.

बापूदादा माझा आतेभाऊ. साताऱ्यात एका पतसंस्थेत कर्जविभाग सांभाळतो. वय सत्तेचाळीस, चष्मा जाड, मतं पक्की. पोवई नाक्याजवळच्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून तो ‘एज ऑफ एम्पायर्स’ शिकला. भारनियमनाचे दिवस होते. ऐन रंगात वीज जायची, आणि घाम गाळून जमवलेलं लाकूड, धान्य, सोनं काळोखात गडप व्हायचं. तेव्हापासून त्याला दर पाच मिनिटांनी गेम सेव्ह करायची सवय लागली. परवा एका लग्नात मसालेभातानंतर जिलबी आली, तेव्हा त्याचा डावा हात पानाच्या कडेला एफ-फाइव्हचं बटण शोधत होता, असं मला तरी वाटलं.

कर्जाचा अर्ज तपासावा तसा तो गेम तपासतो. देणार किती, मागणार किती, बुडीत जाण्याची शक्यता किती. मत त्याला विचारावं लागत नाही. ‘सध्या काय खेळतोयस?’ एवढं म्हटलं, की पुढचा पाऊण तास आपला राहत नाही.

हॉररबद्दलचा त्याचा सिद्धान्त असा : ‘भीती भुताची नसते रे. भीती संपण्याची असते.’ १९९६ सालचा पहिला ‘रेसिडेंट ईव्हिल’ हा त्याच्या लेखी जगातला शेवटचा जबाबदार गेम. त्यात सेव्ह करायचं तर टाइपरायटर गाठावा लागे आणि दर वेळी शाईची एक फीत खर्ची पडे. फिती मोजक्याच. बाहेर झॉम्बी गुरगुरतोय आणि आत आपण हिशेब करतोय, की फीत आत्ता वापरू की पुढच्या खोलीपर्यंत कळ काढू. ‘गेम केला जपान्यांनी,’ बापूदादा म्हणतो, ‘पण कल्पना आमच्या आईची वाटते.’

आत्याच्या घरी दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत असतात. पाहुण्यांसाठी घेतलेला काचेचा डिनर सेट शोकेसमध्ये आहे. त्या सेटच्या लायकीचा पाहुणा अजून साताऱ्यात उतरायचाय. तिच्या लग्नातली दोन पातेली अजून कागदात गुंडाळलेली आहेत. अशा घरात वाढलेल्या मुलाच्या हातात कुणी गोळ्या भरलेलं पिस्तूल दिलं, तर तो चाकूच वापरणार.

‘सायलेंट हिल’चं त्याला कोण कौतुक! १९९९ सालच्या त्या प्लेस्टेशनला लांबवरचं गाव एका दमात रेखाटणं झेपत नव्हतं, म्हणून करणाऱ्यांनी सगळं गाव धुक्यात बुडवलं आणि त्या धुक्यानेच गेम अजरामर झाला. हे सांगताना बापूदादाचा आवाज भरून येतो. लहानपणी कापड कमी पडलं म्हणून आत्याने त्याच्या शर्टाला उरलेल्या पडद्याची कॉलर लावली होती. तो शर्ट मात्र अजरामर झाला नाही.

स्वीडनमधल्या एका छोट्या कंपनीचा ‘अम्नेशिया’ (२०१०) त्याने खेळला, तेव्हा मी शेजारी बसलो होतो. या गेममध्ये हत्यारच नाही. पडका वाडा, हातात कंदील, कंदिलाला तेल थोडं. अंधारात फार वेळ राहिलं, की नायकाचं डोकं फिरू लागतं. म्हणजे तेल जाळायचं आणि डोकं वाचवायचं, असा सरळ मामला. बापूदादाने डोकं जाळून तेल वाचवलं. नायक धापा टाकतोय, दात खातोय, पडद्यावरचं सगळं गरगर फिरतंय, आणि बापूदादा शांतपणे सांगतोय, ‘चाचपडत जाऊ. वाटेत भिंत आहे ना!’ शेवटी त्या वेड्या माणसाजवळ कंदील काठोकाठ भरलेला होता आणि आगपेट्या इतक्या होत्या, की त्याला वाड्याच्या दाराशी दुकान टाकता आलं असतं.

‘एलियन : आयसोलेशन’मध्ये तर तो चाळीस मिनिटं लोखंडी कपाटात लपून बसला. ‘लपायला पैसे पडत नाहीत’ हे कारण. हा गेम ज्या ब्रिटिश स्टुडिओने केला, त्याच क्रिएटिव्ह असेंब्लीचे ‘टोटल वॉर’ हे स्ट्रॅटेजी गेम. कपाटातून सिंहासनावर जायला बापूदादाला म्हणूनच परकं वाटलं नाही. बसायची पद्धत त्याने तीच ठेवली.

२००९ साली ‘एम्पायर : टोटल वॉर’ आला. त्यात मराठे घेऊन खेळता येतं हे कळलं, तेव्हा साताऱ्याच्या या सुपुत्राने आयुष्यात पहिल्यांदा एक गेम पूर्ण किमतीला घेतला. (पावती अजून आहे.) गेम सुरू होतो १७०० साली. खऱ्या १७०० साली राजाराम महाराज सिंहगडावर वारले आणि महिन्या-दीड महिन्यात अजिंक्यतारा औरंगजेबाच्या हाती गेला. बापूदादाच्या गच्चीतून तो किल्ला दिसतो. गेममध्ये मात्र मराठे ताजेतवाने, आणि समोर म्हातारी मोगलाई. अख्खं शतक हातात. कुणाचेही बाहू फुरफुरतील. बापूदादाने रस्ते बांधले, शेतसारा बसवला आणि अर्धी फौज घरी पाठवली, कारण फौज ठेवली की प्रत्येक चालीला पगार द्यावा लागतो. १७९९ साली खेळ संपला तेव्हा खजिना ओसंडत होता आणि राज्य होतं तेवढंच होतं. अटक दूरच राहिलं, फलटणपलीकडेही झेंडा हलला नव्हता.

गंमत पुढेच आहे. नंतर त्याने इंग्रज घेऊन तोच गेम खेळला. त्या वेळी मराठे संगणकाच्या ताब्यात. त्या यंत्राने कुणाचं न ऐकता मोगल बुडवले आणि चाळीसेक वर्षांत जवळजवळ सगळा हिंदुस्थान पिवळा करून टाकला, भंडारा उधळल्यासारखा. मी म्हटलं, ‘बापूदादा, इंग्लंडात बनलेल्या प्रोग्रॅमला जमलं ते तुला जमेना?’ त्याने चष्मा पुसला. ‘१७५८ला अटकेला गेले. तीन वर्षांत पानिपत झालं. खर्च किती आला? आणि बाजीरावाच्या डोक्यावर कर्ज किती होतं, कल्पना आहे तुला? आमच्या संस्थेत आला असता, तर मी दारातूनच परत पाठवला असता.’ कर्जविभागातला माणूस इतिहास असा वाचतो.

गोष्टी तर तो गोळ्यांहून जपतो. सिड मायरच्या १९९१ सालच्या ‘सिव्हिलायझेशन’मधले गांधीजी अणुबाँब का टाकत, ही त्याची आवडती कथा. गांधीजींचा आक्रमकपणा सगळ्यात कमी, म्हणजे एक. लोकशाही आली की त्यातून दोन वजा व्हायचे. शून्याखालचा आकडा संगणकाला कळेना, म्हणून तो उलटा फिरून २५५ व्हायचा आणि महात्मा थेट चंगीझखान. मायरनेच २०२०च्या आत्मचरित्रात लिहिलंय, की असलं काही नव्हतं, ही दंतकथा आहे. मी ते दाखवलं. बापूदादाने शांतपणे वाचलं आणि त्याच संध्याकाळी नव्या जावईबापूंना तीच कथा पुन्हा सांगितली. ‘इतकी वर्षं सांभाळलेली गोष्ट अशी टाकून कशी देऊ?’

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम. यात माणसाने दुसरं कुणीतरी व्हायचं असतं : जादूगार, दरोडेखोर, एल्फ, काय वाटेल ते. बापूदादा ‘स्कायरिम’मध्ये नॉर्ड योद्धा झाला आणि पहिल्याच गुहेतून बादली घेऊन बाहेर आला. तिथे अंगावर ३०० वजन वाहता येतं. त्याच्या वर गेलं, की पळणं बंद. डोंगरावर ड्रॅगन आग ओकतोय आणि आमचा योद्धा चीजची गाठोडी, टोपल्या आणि अठरा तलवारी घेऊन वरातीतल्या आजोबांसारखा चाललाय. त्याने गावात पाच हजार मोहरांचं घर घेतलं तेही राहायला नव्हे, ठेवायला.

‘विचर ३’ त्याला पटला नाही. त्यात औषधाची बाटली एकदा बनवली, की पुढे नुसतं ध्यानाला बसायचं, जवळच्या दारूतली एक खर्च होते आणि सगळ्या बाटल्या पुन्हा भरतात. ‘आपोआप भरणाऱ्या बाटलीला कोण जपेल? संस्कार बिघडतात.’ ‘बाल्डर्स गेट ३’ला २०२३मध्ये जगाने डोक्यावर घेतलं, बापूदादाचं मत, लेखन कच्चं. कारण मला उशिरा कळलं. त्या गेममध्ये नीट मुक्काम टाकायला शिध्याचे चाळीस नग लागतात आणि सोबती आपलं मन मोकळं करतात ते बहुतेक मुक्कामाच्या रात्री. ह्याने शिधा वाचवायला मुक्कामच टाकले नाहीत. जखमी, उपाशी, जागरणाने तांबारलेले लोक घेऊन हा आठवडेच्या आठवडे चालला आणि वर तक्रार, ‘पात्रं बोलतच नाहीत फारशी.’

त्याचं खरं प्रेम जडलं ते ‘डिस्को एलिझियम’वर. एस्टोनियातल्या मंडळींचा २०१९ सालचा गेम. लढाई औषधालाही नाही, शब्द मात्र दहा लाखांवर. स्मृती गेलेला, पुरता कफल्लक असा एक पोलीस तपासाला येतो. पण त्याला एक पिवळी प्लॅस्टिकची पिशवी मिळते, आणि रस्त्यावरच्या रिकाम्या बाटल्या वेचून दुकानात विकता येतात. बापूदादाला आपला माणूस भेटला. झाडाला प्रेत लटकतंय, साक्षीदार खोळंबलेत, आणि हा अंगणाअंगणांतून बाटल्या वेचतोय. खून कुणी केला हे त्याला अजून ठाऊक नाही. बाटलीचा भाव तोंडपाठ आहे.

एका जुन्या जपानी आरपीजीत तो थेट शेवटच्या राक्षसापर्यंत पोचला होता. पिशवीत पूर्ण ताकद परत देणारी अमृतं नव्याण्णव. राक्षसाने पहिल्या तीन फटक्यांत सगळ्यांना आडवं केलं. वहिनी कणीक मळता मळता बघत होत्या. ‘अहो, एक तरी पाजा की त्यांना!’ ‘पुढे लागलं तर?’ बापूदादा म्हणाला. वहिनी म्हणाल्या, ‘ह्याच्यापुढे नावं येतात पडद्यावर. ती काय अमृत पिणार आहेत?’

सेलमध्ये नव्वद टक्के सवलतीत घेतलेले चारशे गेम त्याच्या खात्यात पडून आहेत. निवृत्तीनंतरची सोय.

या दिवाळीत मी साताऱ्याला गेलो, तेव्हा तो ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ खेळत होता, २००५ सालचा. त्यात शाईची फीत नाही, वाटेल तितक्या वेळा सेव्ह करा. तिथून मालिका घसरली असं त्याचं मत आहे. पण त्यातली चौकटीचौकटींची सामानाची पेटी त्याला फार प्रिय. कोकणात जाताना गाडीची डिकी लावावी, तशी तो ती रोज रात्री नव्याने लावतो. पेटीत एक रॉकेट लाँचर होता. पेटीची लांबच्या लांब जागा अडवणारा, ३० हजार पेसेटांचा, एकदाच उडणारा. तो त्याने कितीतरी महिने सांभाळला होता. सेव्हसाठीही जागा भरपूर असतात, पण बापूदादा एकच वापरतो. बाकीच्या पुढे लागतील.

तो फराळाचे डबे पोचवायला गेला आणि त्याची मुलगी चिऊ, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, खुर्चीत बसली. पंचवीस मिनिटांत तिने सगळ्या गोळ्या उडवल्या, ग्रेनेड फेकले, औषधाचा पाला चघळला. रॉकेट लाँचर तिने तीन गावकऱ्यांवर आणि एका कोंबडीवर चालवला. फार मजा आली. मलाही.

बापूदादा दारात कधी येऊन उभा राहिला कळलं नाही. पडद्यावर ती पेटी उघडी होती, शोरूममधून नुकत्याच आणलेल्या फ्रिजसारखी स्वच्छ. अठ्ठावीस वर्षांत मी त्याला गेमसमोर घाबरलेला पहिल्यांदा पाहिला.

‘सेव्ह नाही ना केलंस?’ त्याने हळूच विचारलं.

‘केलं की, बाबा,’ चिऊ म्हणाली. ‘तूच तर सांगत असतोस.’